हातभर अंतरावरून

(ग्रंथालयाच्या वार्षिक स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे त्यांचं पूर्ण नाव निमंत्रणपत्रिकेवर छापलंय आणि ते वाचून तुमच्यापैकी निम्म्यांनी ‘या कोण बुवा?’ असं विचारलं असणार. सत्तावीस वर्षं त्या इथे ग्रंथपाल होत्या आणि सत्तावीस वर्षं गावानं त्यांना नुसतं ‘बाई’ म्हटलं. मीही आज बाईच म्हणणार. हार-नारळ, स्वागतगीत, प्रास्ताविक या सगळ्याचा त्यांना मनापासून कंटाळा. वक्ता लांबला की मागच्या दारापाशी उभ्या राहून त्या किल्ल्यांचा जुडगा वाजवायच्या. साडेआठला कुलूप म्हणजे साडेआठला कुलूप. तो जुडगा आज वाजणार नाही, पण मी तो ऐकत ऐकतच बोलणार आहे.

विषय बाईंच्या टेबलावरचाच आहे. जून महिना आला, शाळा सुरू झाल्या की त्या टेबलासमोर एक ठरावीक संवाद व्हायचा. कुणीतरी वडील किंवा आई यायची, आवाज जरा खाली करून म्हणायची, “बाई, मुलगा नववीत गेलाय. अजिबात ऐकत नाही. काहीतरी संस्काराचं पुस्तक द्या.” बाई चष्म्यावरून बघत विचारायच्या, “त्याला देऊ की तुम्हाला?” समोरचा माणूस हसायचा. त्याला वाटायचं, थट्टा चाललीय. बाई थट्टा करत नसत. त्या उठायच्या, कपाटातून एखादी कादंबरी काढायच्या आणि मुलाच्या नव्हे, त्या बापाच्या नावावर नोंदवायच्या. काही जण रागावून ती तिथेच ठेवून गेले. साखर मागितली आणि वाण्यानं रॉकेल दिलं, असा चेहरा करून. बरेचसे घेऊन गेले.

शियाली रामामृत रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, ही त्यातली दोन. बाईंनी ग्रंथालयशास्त्राचा अभ्यासक्रम केला होता, पण ही सूत्रं त्यांना बहुधा आधीपासून येत असावीत. कुणाच्या हाती काय पडलं पाहिजे हे त्यांना माणूस पायऱ्या चढत असतानाच कळायचं.

आता मुद्द्यावर येते. मराठीत वाचायच्या चष्म्याला आपण ‘चाळिशी’ म्हणतो. वस्तूला वयाचंच नाव दिलंय. ती लागायच्या आधी सहा महिने माणूस काय करतो? वर्तमानपत्र लांब धरतो. मग आणखी लांब धरतो. शेवटी हात पुरेनासा होतो. डोळ्याला लांबचं सगळं स्वच्छ दिसत असतं, फक्त जवळचं धूसर होतं. आणि हिशेब करून बघा, पंचविशी-तिशीत मूल झालेल्या आईबापांना चाळिशी लागते तेव्हा घरातलं मूल बारा ते सोळा वर्षांचं असतं. दुसऱ्याचं मूल लांबून स्पष्ट दिसतं, “अहो, वय आहे, निवळेल,” असं आपण शेजारणीला समजावतो. आपलं मूल नाकासमोर असतं आणि त्याचं एक अक्षर लागत नाही.

या वयात आईबापांना लागणारं पुस्तक म्हणजे ती चाळिशी. ते उपाय सांगत नाही. मूल आपल्या नजरेपासून हातभर लांब धरतं आणि मग अक्षर दिसू लागतं. माझं म्हणणं एवढंच आहे. पुढचं सगळं त्याचे दाखले आहेत.

पहिला दाखला माझा स्वतःचा, आणि तो काही अभिमानाचा नाही. अठ्ठावीस वर्षं मी हायस्कुलात मराठी शिकवलं, त्यातली बरीचशी नववीच्या वर्गाला. नववीची पोरं मला कळतात असा माझा लौकिक होता. 2006 साली माझा स्वतःचा मुलगा नववीत गेला आणि लौकिक घराच्या उंबऱ्याबाहेर राहिला. विचारलं तर “काही नाही”, जास्त विचारलं तर “तुला काय करायचंय?” एकदा तो क्लासला गेलेला असताना मी त्याचं दप्तर उघडलं. कंपासपेटीत, त्या पत्र्याच्या झाकणाला आतून जो कागद चिकटवलेला असतो ना, त्याच्या मागे एक घडी होती. हात थरथरत उघडली. आत वहीच्या पानाचा चौकोनी तुकडा, त्यावर एका मुलीचं नाव वेगवेगळ्या अक्षरांत अकरा वेळा लिहिलेलं. बस्स. ना पत्र, ना शपथा. मी घडी तशीच घातली असं मला वाटलं. पण घडी मोडली की पुन्हा तशी बसत नाही. संध्याकाळी त्यानं पेटी उघडली, बंद केली, आणि माझ्याशी तीन आठवडे बोलला नाही. जेवणाच्या ताटावरसुद्धा “भात वाढ” एवढंच, तेही वडिलांकडे बघून.

मी बाईंकडे गेले. सांगितलं नाही काही, नुसतं म्हटलं, “काहीतरी द्या.” बाईंनी मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ दिली. 2004 साली मौजेनं काढलेली, तेव्हा नवी कोरी. तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल, पुढे तिच्यावर सिनेमाही आला. आणीबाणीचा काळ, मुकुंद जोशी हा नववीतला मुलगा, त्याचं मित्रांचं टोळकं, वर्गातली शिरोडकर. सगळी गोष्ट मुकुंदच सांगतो. त्या कादंबरीतल्या मोठ्या माणसांकडे बघा. घर आहे, आई आहे, वडील आहेत. कुणी दुष्ट नाही, कुणी निष्काळजी नाही. पण मुलाचं खरं आयुष्य त्यांच्या नजरेच्या पलीकडे, रस्त्यावर, वर्गाच्या खिडकीत, टोळक्याच्या अड्ड्यावर चाललेलं असतं. वाचक म्हणून आपण मुकुंदच्या आत बसलेले असतो, त्यामुळे सारं कळतं. आईबाप म्हणून आपण बाहेर असतो, त्यामुळे काही कळत नाही. मूल एकच, फक्त आपली जागा बदलली.

शंभरेक पानं झाल्यावर मला माझी नववी आठवली. तोवर मी ठाम सांगितलं असतं की माझ्या नववीत अभ्यासाशिवाय काही नव्हतं. मग एकदम आठवलं एसटीचं तिकीट. शेजारच्या गावच्या यात्रेला जाताना एका मुलानं माझं तिकीट काढलं होतं. ते गुलाबी तिकीट मी भूगोलाच्या पुस्तकात, नकाशाच्या पानात, दहावी होईपर्यंत ठेवलं होतं. माझ्या आईला ते सापडलं असतं तर? रात्रीच्या जेवणाला हे सगळं डोक्यात होतं आणि मी एकटीच हसले. मुलगा तीन आठवड्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाला, “काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही.” त्यालाही हसू आलं असावं, पण त्यानं ते पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं. माफी मी नंतर मागितली. त्या रात्री एवढंच पुरेसं होतं.

दुसऱ्या खेपेला बाईंनी प्रकाश नारायण संतांचा ‘वनवास’ दिला. संत म्हणजे इंदिरा संतांचे चिरंजीव, कागदोपत्री नाव भालचंद्र दीक्षित, कऱ्हाडला भूगर्भशास्त्र शिकवायचे. ‘वनवास’ 1994चा, मग ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, आणि त्यांच्या मृत्यूनंतर 2004 साली ‘झुंबर’. चारही पुस्तकांचा नायक लंपन. आईवडिलांपासून दूर, बेळगावकडच्या भागात आजीआजोबांजवळ राहणारा मुलगा. कानडीत भिजलेली त्याची मराठी, आकड्यांचा सोस, स्वतःलाच म्याड म्हणणं, आणि मैत्रीण सुमीबद्दल जे काही वाटतं त्याला नावच नसणं. लंपनच्या आजीआजोबांकडे बघा. शिस्त आहे, रागावणंही आहे. पण या मुलाच्या डोक्यात चाललेलं सगळं आपल्याला कळलंच पाहिजे, असा हट्ट त्यांना नाही. मुलाच्या मनात एक खोली असते आणि तिला आतून कडी असते, ही गोष्ट आपल्याकडच्या आजीआजोबांना कळते, आईबापांना कळायला वेळ लागतो. नातवाकडे माणूस आधीच हातभर अंतरावरून बघत असतो, म्हणून.

आता मी ‘श्यामची आई’बद्दल थोडं वेगळं बोलणार आहे. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 1933 साली मोजक्या दिवसांत ती लिहिली, 1935 साली ती छापली गेली. बेचाळीस रात्री. मराठी घरात हे पुस्तक मुलाला वाढदिवसाला देतात. त्यातला न बोललेला मजकूर असा, की बघ, श्याम कसा होता आणि तू कसा आहेस. मूल ते कपाटात ठेवतं आणि त्याचं बरोबर असतं, कारण आपण पुस्तक चुकीच्या माणसाला दिलेलं असतं. श्याम काही नमुन्याचा मुलगा नाही. तो भित्रा आहे, चोरी करतो, घरातून पळून जातो. गुरुजींनी स्वतःचे दोष झाकलेले नाहीत. त्या मुलासमोर मोठी माणसं कशी वागली याचं ते पुस्तक आहे. म्हणून ते मोठ्यांनी वाचायचं.

त्यातली एक रात्र सांगते, अळणी भाजीची. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील जेवतात, भाजीची स्तुती करतात, मीठ नाही हे बोलत नाहीत. नंतर आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. आपण हा धडा नवरा-बायकोच्या आदराचा म्हणून वाचतो. पण चौदा वर्षांचं मूल रोज आपल्या पानात काहीतरी अळणी वाढत असतं. केस विचित्र, शर्ट बाहेर, उत्तर तुसडं, गादी अंथरलेली तशीच, मोबाइल उशाशी. प्रत्येक घासाला “मीठ नाही, मीठ नाही” म्हणत राहिलं तर ज्या दिवशी खरोखर अन्नात विष असेल त्या दिवशी आपला आवाज त्याच्या कानाला ऐकू जाणार नाही. बोलायच्या गोष्टी शिल्लक ठेवायच्या असतात, हे मला ‘श्यामची आई’नं शिकवलं, तेही मी ती वर्गात वीस वेळा शिकवून झाल्यावर.

चोरीचा आणखी एक प्रसंग मराठी वाचकाला ठाऊक आहे, गांधीजींच्या आत्मकथेतला. पंधरा वर्षांचा मोहन भावाच्या सोन्याच्या कड्यातला तुकडा काढतो, मग मनाला खातं, आणि कबुली चिठ्ठीत लिहून आजारी वडिलांच्या हातात देतो. त्याला वाटतं, आता वडील चिडतील, कपाळ बडवून घेतील. वडील करमचंद उठून बसतात, चिठ्ठी वाचतात, डोळ्यांतून पाणी येतं, कागद भिजतो. क्षणभर डोळे मिटतात, चिठ्ठी फाडतात आणि पुन्हा आडवे होतात. एक शब्द नाही. त्या फाडण्याकडे मी पुनःपुन्हा जाते. त्यांनी तो कागद जपून ठेवला नाही. “तुझ्या हातचं लिहिलेलं आहे माझ्याकडे” असं म्हणायची सोय स्वतःला ठेवली नाही. आपण आईबाप मुलांच्या चिठ्ठ्या किती जपून ठेवतो बघा. आठवीत असं केलंस, गेल्या दिवाळीत तसं म्हणालास. प्रत्येक भांडणात जुनी फाइल उघडते.

गोष्ट इथेच संपली असती तर गोड होती. पण हाच मोहन पुढे बाप झाला. थोरल्या हरिलालला शिकायचं होतं, विलायतेला जाऊन वडिलांसारखं बॅरिस्टर व्हायचं होतं. वडिलांना त्या शिक्षणाची किंमत उरलेली नव्हती, आणि विलायतेची शिष्यवृत्ती दुसऱ्या तरुणांना मिळाली. 1911च्या सुमारास मुलगा दुरावला तो जवळ आलाच नाही. दारू, धर्मांतर, उघड पत्रं असं सगळं झालं. गांधीजींच्या हत्येनंतर पाच महिन्यांच्या आत, जून 1948मध्ये, मुंबईत हरिलाल गेले. दिनकर जोशींच्या गुजराती कादंबरीवरून अजित दळवींनी लिहिलेलं ‘गांधी विरुद्ध गांधी’ हे नाटक आपल्याकडे पुष्कळांनी पाहिलं आहे. मी ते पाहून गांधींवर न्यायनिवाडा करत घरी आले नाही. एवढंच कळलं की मुलगा म्हणून जे मिळालं ते बाप म्हणून देता येईलच असं नाही. देशाला समजावणाऱ्या माणसाला आपला मुलगा समजावता आला नाही. मग आपण रात्री साडेदहाला वाय-फायच्या वादात हरलो तर फार मनाला लावून घेऊ नये.

मुलाच्या बाजूची साक्ष वाचायची असेल तर फ्रांझ काफ्काचं वडिलांना लिहिलेलं पत्र वाचा. 1919चा नोव्हेंबर, काफ्का छत्तीस वर्षांचा, हस्ताक्षरात शंभरावर पानं. त्यात फार मोठे गुन्हे नाहीत. रात्री पाण्यासाठी रडणाऱ्या लहान मुलाला बापानं उचलून बाहेर गॅलरीत उभं केलं, हे आहे. जेवणाच्या टेबलावर मुलांनी कसं बसायचं याचे कडक नियम, आणि तिथेच वडील नखं कापणार, काडीनं कान कोरणार, हेही आहे. वडील बहुधा हे सगळं विसरूनही गेले असतील. नियमापेक्षा तो नियम आपल्यालाच आहे आणि करणाऱ्याला नाही, ही गोष्ट मुलाला तीस वर्षं टोचत राहिली. जेवताना मोबाइल नको असं सांगून स्वतः आमटीच्या वाटीशेजारी फोन ठेवणाऱ्या सर्व बापांनी ते पान वाचावं. आणि शेवट ऐका. काफ्कानं ते पत्र वडिलांना द्यायला आईकडे दिलं, आईनं ते पुढे दिलंच नाही, परत केलं. मुलाचा निरोप बापापर्यंत पोचू न देणारी आई मला ओळखीची वाटते. घरात वाद नको म्हणून आपण किती पत्रं अशी मधल्यामध्ये थांबवतो.

गोष्टीच्या पुस्तकांवर मी जास्त वेळ घेतला, आता विज्ञानाकडे वळते. गेल्या तीसेक वर्षांत मेंदूची चित्रं काढणाऱ्या यंत्रांमुळे किशोरवयाबद्दल बरंच नव्यानं कळलं. सारा-जेन ब्लेकमोर या ब्रिटिश संशोधिकेचं ‘इन्व्हेंटिंग अवरसेल्व्ह्ज’ हे 2018चं पुस्तक सामान्य वाचकाला कळेल असं आहे. त्याचं सार असं. कपाळामागचा जो भाग नियोजन, संयम, पुढचा-मागचा विचार सांभाळतो, तो सगळ्यात शेवटी, विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत जातो. त्याच काळात मजा आणि बक्षीस यांना प्रतिसाद देणारा भाग मात्र जोरात असतो. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांनी 2005 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर गाडी चालवायचा खेळ. एकटी असताना मुलं बेताची जोखीम घेत, मित्र बघत असले की जोखीम वाढे. प्रौढांत तसा फरक पडला नाही. म्हणजे घरी शहाणा असलेला मुलगा चौकात वेडा होतो, हे ढोंग नव्हे. दोन्ही तोच असतो. झोपेचंही तसंच. झोप आणणारा मेलाटोनिन या वयात रात्री उशिरा वाढतो, त्यामुळे साडेदहाला डोळे टक्क उघडे आणि सकाळी सहाला उठवताना मढं. “आळशी आहे” हे निदान आपण फार घाईनं करतो.

ही पुस्तकं वाचून माझा राग निम्मा झाला, ते त्यांचं श्रेय. पण एक धोका सांगते. ‘मेंदूच अर्धवट आहे’ हे वाक्य मुलाला तोंडावर ऐकवलं की विज्ञान संपतं आणि टोमणा सुरू होतो. आणि चौदाव्या वर्षी घर चालवलेली माणसं याच गावात बसली आहेत. लक्ष्मीबाई टिळकांचं लग्न 1880 साली झालं, तेव्हा त्या अकरा-बारा वर्षांच्या होत्या. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना कळतं की किशोरवय नावाची सवड पुष्कळांना मिळालीच नाही. दया पवारांचं ‘बलुतं’ असो की नरेंद्र जाधवांचं ‘आमचा बाप आन् आम्ही’, ही पुस्तकं आपल्या काळज्यांना त्यांचं खरं माप दाखवतात. मुलाला मात्र ती ‘बघ, तुला किती सुख आहे’ म्हणून फेकून मारू नका. तो ती आपोआप वाचेल, न सांगितल्यावर.

आता सल्ल्याची पुस्तकं. बाईंना ती फारशी आवडत नसत, मला थोडी आवडतात. हैम गिनॉट या मानसतज्ज्ञानं 1969 साली ‘बिटवीन पेरेंट अँड टीनएजर’ लिहिलं. त्याच्या कार्यशाळांतून शिकलेल्या अॅडेल फेबर आणि इलेन मॅझलिश यांची पुस्तकं आज जास्त खपतात. गिनॉटचं मुख्य सूत्र सोपं आहे. मुलाला काहीही वाटू शकतं, ते मान्य करा. त्यानं काय करायचं यावर मात्र मर्यादा घाला. आणि चूक झाली तर चुकीबद्दल बोला, माणसाबद्दल नको. “दूध उतू गेलं, फडकं घे,” आणि “तुझं लक्ष असतं कुठे, कायमचा धांदरट,” यांतला फरक.

पण ही पुस्तकं इंग्रजी घरांत लिहिलेली आहेत. त्यांतलं वाक्य जसंच्या तसं मराठीत आणलं की कसं वाटतं ते मी करून पाहिलंय. मुलगा सामन्यात हरून आला होता. मी पुस्तकातल्यासारखं म्हटलं, “तुला खूप निराश वाटतंय असं मला जाणवतंय.” तो घाबरून म्हणाला, “आई, तुला बरं वाटत नाहीये का?” मराठी आई असं बोलत नाही. ती ताट वाढते. “गरम आहे, जेवून घे” या तीन-चार शब्दांत पोटातली सगळी माया असते आणि मुलाला ती कळते. सूत्र गिनॉटचं घ्या, शब्द आपल्या स्वयंपाकघरातले वापरा. मराठीत पुण्याच्या शोभाताई भागवतांचं ‘आपली मुलं’ हे पुस्तक आणि 1987 पासून निघणारं ‘पालकनीती’ मासिक, या दोघांनी हे काम आपल्या बोलीत केलं आहे. तरी माझ्या अनुभवात आपलं पालकांसाठीचं लेखन बालवाडीच्या वयाला उदार आहे आणि नववी-दहावीच्या वयाला हात आखडता घेतं. ताराबाई मोडकांनी लहान मुलांसाठी जे केलं ते या वयासाठी कुणीतरी करायचं बाकी आहे. समोर तरुण शिक्षक बसले आहेत, म्हणून हे मुद्दाम बोलते.

जुन्या सुभाषितकारानं सांगून ठेवलंय की पाच वर्षं लाड करावे, दहा वर्षं धाकात ठेवावं, सोळावं लागलं की मुलाशी मित्रासारखं वागावं. दहा वर्षं छडी घेऊन उभा असलेला माणूस एका वाढदिवशी अचानक मित्र कसा होणार, ते त्यानं सांगितलं नाही. एक रस्ता मात्र मला दोन पुस्तकांत दिसला. पंडित नेहरूंनी ऑक्टोबर 1930मध्ये, इंदिरेच्या तेराव्या वाढदिवसाला, नैनी तुरुंगातून पत्र लिहिलं. ऑगस्ट 1933पर्यंत एकशे शहाण्णव पत्रं झाली, त्यांतून जगाचा इतिहास उभा राहिला. साने गुरुजींनी पुतणी सुधाला लिहिलेली ‘सुंदर पत्रे’ तशीच. या पत्रांत अभ्यास कर, उठ, आवर असं फारसं नाही. चीन आहे, तारे आहेत, फुलं आहेत, लेखकाला स्वतःला काय वाटलं ते आहे. वाढत्या मुलाशी त्याच्याबद्दल कमी आणि जगाबद्दल जास्त बोलावं, मैत्री तिथून सुरू होते. समोरासमोर बसून “बोल ना माझ्याशी” म्हटलं की मूल मिटतं. शेजारी बसून दोघांनी तिसऱ्या गोष्टीकडे बघितलं की उघडतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. चाळिशीनं मोतीबिंदू जात नाही. मूल आठवडेच्या आठवडे जेवत नसेल, झोपत नसेल, मित्र तुटले असतील, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर पुस्तक मिटून डॉक्टरांकडे जायचं. लोक काय म्हणतील याची वाट बघायची नाही. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 साली ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ सुरू केली, आणि मनाच्या दुखण्याला मराठी घरांत नाव मिळू लागलं. ते नाव उच्चारायला आपण लाजू नये.

आणि आपली मुलं बिघडलेली नसतात तेव्हाही ती आपली राहिलेली नसतात. ते दुःख कुठल्याच पुस्तकानं जात नाही. माझा मुलगा आज तिशी ओलांडलेला आहे. गेल्या वर्षी घरी आला तेव्हा त्यानं कपाटातली ‘शाळा’ काढली, आतल्या पानावरचा ग्रंथालयाचा शिक्का बघितला आणि म्हणाला, “आई, ही परत नाही केलीस तू?” नव्हती केली. एकोणीस वर्षं माझ्याकडे होती. बाईंनी कधी मागितली नाही. त्यांच्या नोंदवहीत माझ्या नावापुढचा परतीचा रकाना कोरा होता, आणि बाई काही विसरणाऱ्या नव्हत्या.

ती प्रत आज मी बरोबर आणली आहे आणि टेबलावर ठेवते आहे. दंड काय होईल तो हिशेबनीसांनी सांगावा, मी भरीन. कार्यकारिणीला एकच विनंती. ‘पालकत्व’ अशी पाटी लावून वेगळं कपाट करू नका. त्या कपाटापाशी उभं राहायला माणसाला संकोच वाटतो. या कादंबऱ्या, ही आत्मचरित्रं, ही पत्रं आहेत तिथेच असू द्या, फक्त टेबलावर असं कुणीतरी बसवा, जे विचारेल, “त्याला देऊ की तुम्हाला?”

तुम्हाला विनंती वेगळी आहे. आता चहा आहे, तो नंतरही मिळेल. माझ्या घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं झाली आहेत. ग्रंथालय साडेआठला बंद होतं.